फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था

न्हावरे
२ डिसेंबर २०२४

प्रतिभा लेकी,

तू खुशाल असशील असं धरूनच चालतो, कारण फोनवर इचारलं तरी उत्तर मला ऐकू येत न्हाई. कानातलं यंत्र नुसती शिट्टी मारतंय. संपतच्या मोबाईलवर लिहून धाडावं तर आधी तुझा भाऊ वाचणार, मग सूनबाई, मग सगळी आळी. म्हणून पोष्टातनं पाकिटं आणली. तूबी पाकिटातच लिही.

हितं बरं चाललंय. ऊस तोडीला आलाय, टोळी अजून यायचीय. काळी गाय व्याली, कालवड झाली.

आता मुद्द्याचं. मागल्या आठवड्यात संपत दौंडला गेला व्हता, तवा येताना तुमच्या हाटेलात जेवला. घरी येऊन कौतुकानं सांगत व्हता. म्हणला, "आबा, साई लई चलाख झालीया. एका गिऱ्हाइकापाशी गेली आन् म्हणली, काका, तुमची क्वार्टर संपली, पप्पांना दुसरी आणायला सांगू का? सगळं टेबल हसलं."

सूनबाईबी हसली. मला हसू आलं न्हाई.

आठ वर्साचं लेकरू ते. क्वार्टर म्हंजी काय ते तिला माहीत, आन् ती संपली कवा तेबी माहीत.

तुम्ही नुसता ढाबा चालवत व्हता तवा मी कवा काय बोललो न्हाई. मागल्या साली परमिट रूमचं लायसन घेतलं, तवाबी न्हाई. धंदा हाय, चोरी न्हाई. पण दारूची जागा मोठ्या माणसांची. लेकराचं तिथं काय काम? साईला हिकडं पाठव. संपतच्या पोरीसंगं शाळेला जाईल, येईल. सुट्टीला तुम्ही येत जावा.

लगेच रागावू नको. इचार कर आन् लिही.

आबा


भांडगाव
८ डिसेंबर २०२४

आबा,

पोस्टमननं तुमचं पाकीट काउंटरवर ठेवलं तेव्हा जेवणारी माणसं वळून बघायला लागली. आजकाल पत्र कुणाला येतं! दुपारची गर्दी ओसरल्यावर मागे जाऊन वाचलं.

रागावू नको म्हणालात, पण रागावले. तुमच्यावर थोडी, दादावर जास्त. इथं पोटभर जेवला, साईच्या वहीतलं अक्षर बघून "माझ्यापेक्षा चांगलंय" म्हणाला, आणि घरी जाऊन तेवढं एकच सांगितलं का?

साई तसं म्हणाली हे खरं आहे. मी तेव्हाच तिला आत बोलावून दटावलं. ती म्हणाली, "पाणी संपलं की पाणी आणू का म्हणते, तेव्हा तर तू शाबास म्हणतेस."

परमिट रूम झाल्यापासून तुम्ही इकडं आलाच नाहीत, म्हणून सांगते. तुमच्या डोळ्यांसमोर अंधारी खोली आणि झिंगलेली माणसं असतील. तसं नाही. आतल्या हॉलमध्ये नुसते पुरुष बसतात, तिथे साई जात नाही. बाहेर बाग केली आहे. लिंबाखाली टेबलं, एक झोपाळा, एक घसरगुंडी. हायवेला मोठा बोर्ड लावलाय, "फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था". बागेतही ज्याला पाहिजे त्याला बाटली मिळते, पण कुटुंबासोबत बसून. साई शाळेतून आली की लिंबाखाली अभ्यास करते. आमच्या खोल्या मागेच आहेत, पण मी काउंटरला असताना तिला तिथे एकटी कशी ठेवू?

आणि आबा, रविवारी बायका येतात. ज्यांनी आजवर कुणाच्या हातचं गरम ताट खाल्लं नाही, त्या खुर्चीला टेकून बसतात आणि म्हणतात, "अजून एक भाकरी आणा." लेकरं घसरगुंडीवर असतात म्हणून त्यांना बसायला मिळतं. काही गिऱ्हाइकं कुरकुर करतात, बारमध्ये पोरं कशाला, आम्हाला मोकळं बसता येत नाही. मोकळं म्हणजे शिव्या देऊन. लेकरं समोर असली की पुरुषाचा आवाज खाली राहतो, हे मी रोज बघते. लेकरांना बंदी केली तर आधी बायका बंद होतील. बायका बंद झाल्या की उरेल तो गुत्ता. मग काउंटरला मी तरी कशी बसू?

तुम्हीच सांगता ना, तुमचा जन्म मेंढरांच्या वाड्यावरचा? आजीनं तुम्हाला कोकरांच्या शेजारी घोड्यावर बांधून कोकणात नेलं होतं. धनगराचं लेकरू आई-बाप जिथं तिथं, हे तुमचंच बोलणं. मग माझं लेकरू माझ्या कामाच्या जागी का नको?

साई इथंच राहील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गुडघ्याला तेल लावत जा.

प्रतिभा


न्हावरे
१५ डिसेंबर २०२४

प्रतिभा,

घोड्यावर बांधून नेलं व्हतं ते खरं. पण मेंढरं दारू पीत न्हाईत. पीत असती तर माझ्या आईनं मला मामाच्या घरी ठेवलं असतं.

हे गमतीनं लिहिलं. तुझं बाकीचं बोलणं मी डोक्यात घोळवलं. बायकांचं जे लिहिलंस ते पटलं. तुझी आई गेली तवर हाटेलात बसून जेवली न्हाई. आमच्या वक्ताला तशी रीतच न्हवती. शिरूरच्या बाजाराला गेलो तर भजी पुड्यात बांधून घ्यायची आन् ती एसटीत बसून खायची, तीबी पदराआड. आज असती तर तिला लिंबाखाली बसवून म्हणलो असतो, घे, सावकाश खा.

पण एक इचारतो. बाया जेवत्यात, पुरुष पेत्यात, हे तू लिहिलंस. लेकरं तवा काय करत्यात ते लिहिलं न्हाईस. येत्या रविवारी टेबलं सोड आन् लेकरांकडं बघ. मग मला सांग. मी म्हणतो म्हणून न्हाई, तुला काय दिसतंय ते सांग.

टोळी आली. ऊस निम्मा तुटला. कालवड दूध नीट पितीया.

आबा


भांडगाव
२६ डिसेंबर २०२४

आबा,

सांगितल्याप्रमाणे बघितलं. लेकरं आल्या आल्या घसरगुंडीवर पळतात. मग मंचुरियन खातात, मग पुन्हा झोपाळा. मग आईजवळ येतात, मोबाईल मागतात. शेवटी खुर्चीतच झोपतात. एवढंच. कुणी दारूकडं बघत नाही.

पण या रविवारी दुसरंच झालं. दादाच्या कानावर येईलच, त्यापेक्षा मीच सांगते.

विश्वजीत म्हणून एक गिऱ्हाईक आहे, कंपनीत कामाला. बायको साधना आणि मुलगा स्वराज, पहिलीतला. दर रविवारी येतात. माणूस भांडखोर नाही, हसतमुख आहे, सगळ्या पोरांना चॉकलेट देतो. त्या दिवशी त्याला जास्त झाली. उठताना खुर्ची पाडली, ती उचलायला वाकला आणि टेबल धरून उभा राहिला. मग जाऊन मोटारसायकल चालू केली. मी काउंटरवरून धावत गेले आणि गाडीची किल्ली काढून घेतली.

"वहिनी, किल्ली द्या," तो हसतच म्हणाला.

"भाऊ, थोडं बसा. लिंबू-पाणी देते. नाहीतर जीप सांगते तुम्हाला."

"मी काय आज पहिल्यांदा पिलोय?"

मी किल्ली मुठीत धरून उभी. साईचे पप्पा आतून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रतिभा, दे त्यांची किल्ली." मी दिली नाही.

मला वाटलं साधना तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज नाही चढवला. म्हणाली, "पाजता तुम्हीच, पैसे घेता तुम्हीच, आणि चारचौघांत आमची अब्रूही तुम्हीच काढता? दर रविवारी मी यांच्याच मागे बसून जाते. आज नवीन काय झालं?"

मग तिनं स्वराजचा हात धरला, चालत हायवेला गेली आणि वडापच्या जीपला हात केला. नवरा थोडा वेळ बसला आणि तोही तिच्या मागं गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ येऊन मोटारसायकल घेऊन गेला.

तेव्हापासून तिचं बोलणं डोक्यातून जात नाही. साईच्या पप्पांशी कामापुरतं बोलते.

साईला जरा कणकण आहे, शाळेत पाठवली नाही. काळजीचं काही नाही.

प्रतिभा


न्हावरे
१७ जानेवारी २०२५

प्रतिभा,

काल घरी पोचलो. तुमच्याकडं न कळवता आलो म्हणून तू दचकलीस, ते मला दिसलं. कळवलं असतं तर तू मला मागल्या खोलीत गादी घालून बसवलं असतंस. मला बागेत बसायचं व्हतं. रविवारचा सबंध दिवस लिंबाखाली बसलो. जावईबापूंनी चारदा च्या आणून दिला, माझं ताट सोता वाढलं. माणूस वाईट न्हाई तुझा.

समोरासमोर का बोललो न्हाई म्हणशील. मला ऐकू यायचं तर तू वरडणार, आन् मग सबंध हायवे ऐकणार. म्हणून हे पाकीट.

साई मात्र माझ्या उजव्या कानाला तोंड लावून बोलती. तिचं सगळं ऐकू येतं. सोमवारी सकाळी, तू भाजी निवडत व्हतीस तवा, ती म्हणली, "आबा, स्वराजचे पप्पा मला गाडीवर चक्कर मारणार होते. मी पुढं टाकीवर बसले होते. मम्मीनं आधी मला उचललं, मग किल्ली काढली."

मी म्हणलो, "तू कशी बसलीस गं?"

"ते मला नेहमी चॉकलेट देतात ना. पप्पापण आत जाताना म्हणाले, बस, एक चक्कर मारून ये."

"भ्यालीस का?"

"गाडीला नाही भ्याले. रात्री मम्मी रडली, तेव्हा भ्याले."

तू हे लिहिलं न्हाईस. का न्हाई ते कळतंय. लिहिलं असतंस तर दुसऱ्या दिवशी चौफुल्याला एसटीतनं उतरून मी साईला घेऊन आलो असतो. हे ऐकलं तवा तिची कापडं पिशवीत भरायचं मनातबी व्हतं. भरली न्हाईत.

ती तुझ्याबिगर ऱ्हायची न्हाई हे एक. दुसरं म्हंजी मी जे बघितलं ते. तू म्हणलीस लेकरं दारूकडं बघत न्हाईत. खरं हाय. लेकरं वाट बघत्यात. एक पोरगं बापापाशी चारदा आलं. "पप्पा, चला ना." बाप म्हणतोय, "झालंच, पाच मिन्टं." मग ते आईकडं जातंय. आई बापाकडं बघती आन् पोराला मोबाईल देती. मोठी माणसं बसायला आलेली असत्यात, आन् लेकरांचं पोट भरलं की ती निघायला बघत्यात. त्या बाया टेकून बसल्यात म्हणलीस, त्यातल्या निम्म्याजणी दिवस मावळल्यावर पुढं सरकून बसल्या व्हत्या. पिशवी मांडीवर घेऊन.

साईचं येगळंच. ती वाट बघत न्हाई. तिला ती जागा घर वाटती, म्हणून येईल तो माणूस तिला घरचा वाटतो. मला त्याचं जास्त भ्या वाटतं.

तुझ्याकडं येणाऱ्या बायका तुटाव्यात असं मला वाटत न्हाई. पण बाटली आन् घसरगुंडी एका अंगणात नांदायच्या न्हाईत. दोन्हीतली एक हलव. जावईबापूंना मी काय बोललो न्हाई, पाव्हण्यानं बोलू नये. तू बोल.

आबा


भांडगाव
२५ जानेवारी २०२५

आबा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. साई तुम्हाला सांगेल हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी लपवलं ते तुम्ही म्हणता त्याच भीतीनं. तुम्ही तिला न्याल, आणि मला नाही म्हणता येणार नाही.

आणखी एक. मी तिला टाकीवरून उचललं तेव्हा विश्वजीत म्हणाला, "अहो वहिनी, मी काय परका आहे का?" त्याला खरंच वाईट वाटलं होतं. आणि साधनानं विचारलं, आज नवीन काय झालं? नवीन एवढंच झालं होतं की टाकीवर माझी मुलगी होती. तिचा मुलगा दर रविवारी तिथेच बसून जातो, ते मी काउंटरवरून बघत होते आणि "पुन्हा या" म्हणत होते.

तुमचं पत्र साईच्या पप्पांना दिलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं, घडी घातली, आणि जाऊन रिकामे क्रेट रचायला लागले. मी मागं गेले.

"मग काय, घसरगुंडी काढून टाकतो," ते म्हणाले. "पोरं बंद. तसा बोर्ड लावतो."

"म्हणजे बायकाही बंद."

"आणि बागेत दारू बंद केली तर पुरुष बंद. पुढचा बारवाला टपूनच बसलाय."

"पुरुष आत बसतील."

"बायको-पोरं बाहेर आणि आपण आत? कुणाला पटेल हे?"

"नाही पटलं तर त्यांनी पण बाहेर बसावं. थाळी खावी, ताक प्यावं."

"बोलायला सोपं आहे."

त्यांनी आणखी चार क्रेट रचले. शेवटी माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "त्या दिवशी तू चारचौघांत माझं ऐकलं नाहीस, ते लागलं. पण साईला बस म्हणणारा मीच होतो. मला वाटलं तू त्यावर बोलशील. शिव्या देशील. तू एक शब्द बोलली नाहीस. ते त्याहून लागलं."

मी म्हटलं, "बोलले असते तर थांबता आलं नसतं."

ठरलं काहीच नाही. पण रात्री त्यांनी साईचं अंथरूण स्वतः घातलं.

प्रतिभा


न्हावरे
२२ फेब्रुवारी २०२५

प्रतिभा,

महिना होत आला, तुझं पाकीट न्हाई. मी पोष्टमनला दोनदा अडवलं, तो हसतो.

मी जास्त बोललो असंल तर तेवढं सोडून दे. बापाचं मत म्हंजी कायदा न्हाई. तुमच्या दोघांत माझ्या पत्रानं काय बिनसलं असंल तर एका ओळीत कळव, मी गप्प बसंन.

कांदा पोसलाय. थंडी कमी झाली.

आबा


भांडगाव
१८ मार्च २०२५

आबा,

बिनसलं नाही. हात रिकामा नव्हता, आणि काय होतंय ते कळल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मागचं पत्र तुम्हाला पाठवलं, त्यानंतर थोड्या दिवसांनी सकाळी ठोकाठोकी ऐकून बाहेर आले. साईचे पप्पा एकटेच हॉलचं बागेकडचं पुढचं दार पत्रा मारून बंद करत होते. मागच्या बाजूला, गाड्या लागतात तिकडून, नवीन दार पाडायला गवंडी बोलावला होता. मी विचारलं, "हे कधी ठरलं?" म्हणाले, "ठरवत बसलो असतो तर झालं नसतं. खिळे दे." मी खिळे दिले.

आता बागेत बाटली मिळत नाही. ज्याला प्यायची आहे तो मागून आत जातो, आणि आत लेकरू चालत नाही. कडेवरचंसुद्धा. दिवस मावळला की मी काउंटर सोडते, साईच्या पप्पांचा चुलतभाऊ बसतो, आणि मी आणि साई मागच्या खोलीत येतो. साई रागावली आहे. "पप्पा आत असतात, मग मी का नाही?" रोज विचारते. मी सांगते, "तिथे मोठी माणसं दारू पितात आणि पिलेल्या माणसाला आपण काय करतोय ते कळत नाही. चांगल्या माणसालासुद्धा." तिनं विचारलं, "मग आपण विकतो का?" मी म्हटलं, अभ्यास कर.

खोटं कशाला सांगू, धंदा बसला. पुष्कळ नेहमीची गिऱ्हाइकं पुढच्या बारला जातात, बायको-पोरांना घेऊन. म्हणजे ती पोरं आता तिथे खुर्चीत झोपत असतील. आमच्या नियमानं त्यांचं काही भलं झालं नाही, हे मला कळतं. संध्याकाळी बाग निम्मी रिकामी असते. साईचे पप्पा रिकाम्या टेबलांवरून फडकं फिरवतात. पण दुपारी माणसं येतात, नवी येतात. एका गावच्या बचत गटानं सगळ्या बायकांचं जेवण इथं केलं. एकमेकींच्या ताटात वाढत, इतक्या मोठ्यानं हसत होत्या की आतला एक जण मागच्या दारानं येऊन डोकावून गेला.

आणि परवा रविवारी साधना आली.

एकटी, स्वराजला घेऊन. वडापच्या गाडीतून उतरली. मी काउंटरला होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, थेट जाऊन लिंबाखाली बसली. एक मटण थाळी आणि एक शेवभाजी मागवली. मी वाढायला पोरगा पाठवला नाही, स्वतः गेले. ताटं ठेवली. "भाकरी गरम आहे," एवढंच म्हटलं. ती "हं" म्हणाली.

निवांत जेवली, आबा. हाडूक चोखून बाजूला ठेवत, मधेच स्वराजला घास भरवत. जेवण झाल्यावर तो घसरगुंडीवर गेला. वर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. ती खुर्चीला पाठ टेकून बघत होती. बराच वेळ गेला. मग तो घामेजून तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "मम्मी, जायचं?" ती लगेच उठली. कुणाकडं बघावं लागलं नाही तिला.

बिल द्यायला काउंटरवर आली. पैसे ठेवले. म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले ते बोलले. मागं घेणार नाही."

मी म्हटलं, "नका घेऊ. खरंच होतं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "हे आज घरी झोपलेत. मी म्हटलं, आम्ही जाऊन येतो."

"बरं केलंत."

"एक पाण्याची बाटली द्या. गार."

मी दिली. उजेड होता तेवढ्यात दोघं हायवेला जाऊन उभी राहिली. गाडी येईपर्यंत स्वराज आईच्या पिशवीशी झोंबत होता, तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्याच्या डोक्यावरून बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. तो ओरडला, आणि ती हसली.

तुमची,
प्रतिभा